सीक्यू, सीक्यू, दिल्ली : चिंचवडकर हॅमसाठी परवाना नूतनीकरणाची मार्गदर्शिका

ज्यांच्या गच्चीवर वीस मीटर तांब्याची तार ताणलेली आहे, ज्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागते आणि ज्यांना आडनावापेक्षा कॉलसाइनने ओळखलेलं जास्त आवडतं, अशा चिंचवड, भोसरी आणि चाकण परिसरातल्या हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्या नागरिकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही. फक्त मध्येच ‘मोबाइल असताना हे कशाला?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर पुढे योग्य जागी दिलं आहे आणि ते एकदाच दिलं जाईल.

तर, तुमच्या हौशी रेडिओच्या परवान्याची मुदत संपत आली आहे. हे तुम्हाला बहुधा कपाटात विजेचं जुनं बिल शोधताना कळलं. खरं तर परवाना शॅकमध्ये हाताशी असायला हवा. शॅक म्हणजे सेट ठेवण्याची खोली. परदेशी मासिकांत तिच्यात फिरती खुर्ची आणि भिंतभर पोस्टकार्डं असतात. चिंचवडमध्ये ती बंद केलेली गॅलरी असते आणि तिच्यात वॉशिंग मशीनही असतं.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार तुम्हाला परवाना मिळाला. तो देणारा दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी विंग दिल्लीत बसतो. पूर्वी कागद टपालाने जायचे आणि आपण पोस्टमनकडे आशेने पाहायचो. आता ‘सरल संचार’ नावाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा आणि स्क्रीनकडे आशेने पाहायचं. एवढ्या एका बदलाने अनेक अनुभवी हॅम खचतात, हे माझ्या पाहण्यात आहे. प्रशांत महासागरातल्या एखाद्या बेटावरून पाच मिनिटांसाठी बोलणारा माणूस गाठायला जे तीन-तीन रात्री कानाला हेडफोन लावून बसतात, तेच गृहस्थ पान उघडायला दीड मिनिट लागलं की टेबलावर मूठ आपटतात.

म्हणून या मार्गदर्शिकेचा मूळ सिद्धान्त : पोर्टलला वेबसाइट समजू नये. ते लांबचं, दुर्मीळ, क्षीण स्टेशन समजावं. असं स्टेशन गाठण्याची शिस्त तुम्ही परीक्षेआधीच शिकला आहात. आधी ऐकायचं. कॉल थोडक्यात द्यायचा. उत्तर येईपर्यंत बटण पुन्हा दाबायचं नाही. पैसे भरण्याच्या पानावर तर मुळीच नाही. आणि जे घडलं ते लॉगबुकात लिहायचं. लॉगमधली वेळ जागतिक, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची असते. मदतीसाठी ईमेल लिहिताना मात्र भारतीय वेळ लिहावी. नाहीतर अर्ज भरण्याआधीच तक्रार केली असा तुमच्याविषयी समज होईल.

अर्जासाठी योग्य वार. पंचांगाची गरज नाही, एमआयडीसीची सुट्टी माहीत असली की पुरे. इतर दिवशी भोसरीतल्या वेल्डिंग सेटपासून शेजारच्यांच्या एलईडी दिव्यापर्यंत सगळे मिळून सात मेगाहर्ट्झवर अशी करकर लावतात की सेटचा सुईकाटा कुणी बोलत नसतानाही उजवीकडे जाऊन बसतो. मानवनिर्मित गोंगाटाला आपण क्यूआरएम म्हणतो आणि आपल्याकडे तो तीन पाळ्यांत तयार होतो. गुरुवारी कारखाने बंद. बॅंड असा स्वच्छ होतो की केरळातला माणूस शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा वाटतो. तेव्हा गुरुवारी अर्ज भरणं ही घोर उधळपट्टी होय. गुरुवार रेडिओचा, उरलेले सहा दिवस सरकारचे. गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी वीज घालवली तर देवच पावला म्हणून बॅटरीवर सेट लावावा. त्या वेळी पोर्टल आठवणारा माणूस खरा हॅम नव्हे.

गोंगाटाने फारच त्रास झाला तर नाशिक रस्त्याने चाकण, नारायणगाव ओलांडून खोडदला जाऊन यावं. तिथे जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरच्या आकाशगंगांची कुजबुज ऐकत उभ्या आहेत आणि माणसाच्या गोंगाटाचा जाच त्यांनाही आहे. ही जागा निवडताना रेडिओ-शांतता पाहिली होती. पुढे चाकण कसं वाढलं ते आपण जाणतोच. त्या तबकड्या फक्त ऐकतात, ट्रान्समिट करत नाहीत, ही त्यांची हुशारी.

नाव. इथे अर्जदार पहिल्यांदा अडखळतो. शाळेच्या दाखल्यावर तुमचं आडनाव पुढे आहे, आधारवर मागे. पॅनकार्डावर वडिलांचं नाव मधे आहे, आणि जुन्या परवान्यावर तुम्ही दोन आद्याक्षरं आणि एक आडनाव एवढेच उरला आहात. तुम्हाला चौघेही एकच वाटतात, कारण तुमचा त्यांच्याशी घरोबा आहे. अर्ज तपासणाऱ्याचा नाही. त्यामुळे ज्या नावाने परवाना आहे तेच नाव, त्याच क्रमाने भरावं आणि बाकीच्या तिघांची ओळख पटवायला आधार जोडावं. अकरावीत परीक्षा देऊन लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्रातली नोंद आधीच हुडकून ठेवावी. बॅंडवर त्यांना सगळे ‘यंग लेडी’ म्हणतात आणि त्यात वयाचा संबंध नसतो. तसंच परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते, तरी सातवीतल्या मुलालाही आपण ‘ओल्ड मॅन’च म्हणतो. अर्जात यातलं काहीही लिहू नये.

पत्ता. आता श्वास घ्या. परवाना माणसाला मिळतो, पण सेट कुठे बसवला आहे हेही त्यात नोंदलेलं असतं. हॅमला पत्ता विचारला तर तो अभिमानाने ‘एमके६८’ सांगतो. जगाच्या नकाशावरच्या आपल्या चौकोनाचं ते नाव. चिंचवड आणि चाकण दोन्ही त्यात मावतात. मुंबईची मंडळी एमके६९ मध्ये राहतात आणि तो एक आकडा जास्त असल्याचं मिरवतात. अर्जाला हे चालत नाही. त्याला पिनकोड हवा. चिंचवडगावचा ४११०३३, चिंचवड पूर्वेचा ४११०१९, आणि प्राधिकरणात निगडीकडे सरकलात तर ४११०४४. म्हणजे फक्त रेल्वेरूळ ओलांडून फ्लॅट घेतला तरी दिल्लीच्या दृष्टीने तुमचं स्टेशन हललं.

त्यात पोलीस. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. त्याआधी चिंचवडकर पुणे शहर पोलिसांचे होते, चाकणकर पुणे ग्रामीणचे. आता दोघेही पिंपरी-चिंचवडचे. जुन्या कागदांवर जुनी हद्द असेल तर घाबरू नये, पण अर्जात आजचं पोलीस ठाणं लिहावं. पडताळणीला हवालदारसाहेब घरी आलेच तर त्यांना शॅक दाखवावा, चहा द्यावा आणि प्रात्यक्षिकाचा मोह आवरावा. ‘हे बघा, आत्ता मी श्रीलंकेशी बोलतोय’ हे वाक्य पडताळणीच्या वेळी वाटतं तितकं उपयोगी पडत नाही.

कागद चढवणं. जुना परवाना, परीक्षेचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. सगळं स्कॅन करून, सांगितलेल्या मापात. ज्याने आयुष्यभर वॉट कसे वाढवावेत याचा विचार केला त्याला इथे केबी कसे घटवावेत याचा विचार करावा लागतो. हे घरी जमत नसेल तर चापेकर चौकाकडे निघावं. वाटेत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात काम होतं. संवाद साधारण असा होईल :

‘काका, कसलं लायसन? टू-व्हीलर?’

‘नाही रे. वायरलेस.’

‘बंदुकीचं का?’

‘वायरलेस म्हणालो. रेडिओ.’

‘रेडिओला लायसन लागतं?’

या प्रश्नावर थांबू नये. आकाशवाणी ऐकायलाही एके काळी लायसन लागायचं, पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागायचे, हे सांगायला गेलात तर मागची रांग चिडते. पीडीएफ घ्यावी, पैसे द्यावेत, निघावं. आपली कागदपत्रं त्याच्या संगणकावरून पुसायला मात्र आठवणीने सांगावं.

कॅप्चाबद्दल एक सूचना. जनरल ग्रेडच्या परीक्षेत मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स उतरवलेल्या माणसालाही त्या वाकड्या अक्षरांतला ‘जी’ की ‘नऊ’ हे कळत नाही. यात कमीपणा नाही. मोर्समध्ये निदान समोरचा माणूस आपल्याला कळावं म्हणून पाठवत असतो.

शुल्क. वीस वर्षांसाठी १००० रुपये, आजन्म २०००. पैसे सरकारच्या ‘भारतकोष’वर जातात, पावती उतरवून तीन ठिकाणी ठेवावी. भरणं दोन मिनिटांचं काम आहे. ठरवणं नाही.

समजा, अर्जदाराचं वय ५८ आहे आणि टेल्कोतून सुटायला त्याला दोन वर्षं उरली आहेत. वीस वर्षांचा परवाना घेतला तर तो ७८ पर्यंत पुरतो, म्हणजे वर्षाला ५० रुपये. ७८ नंतर पुन्हा हजार भरले की एकूण दोन हजार, म्हणजे आजन्म घेतला असता तेवढेच. हा हिशेब अर्जदार रात्रीच्या जेवणानंतर वहीच्या मागच्या पानावर मांडतो. पत्नी वाकून बघते. ‘म्हणजे अजून चाळीस वर्षं ही किटकिट?’ मुलगा हिंजवडीहून दमून आलेला असतो. तो म्हणतो, ‘बाबा, आजन्मच घ्या. ७८ व्या वर्षी पुन्हा अपलोड करायला मीच लागणार आहे.’ आजवर या प्रश्नावर कुणी याहून पटणारा युक्तिवाद केलेला माझ्या ऐकिवात नाही. दोन हजार भरावेत.

प्रतीक्षा. अर्ज गेला. क्रमांक आला. आता स्थितीच्या रकान्यात जे दिसेल त्याला सिग्नलच्या अहवालाइतकंच महत्त्व द्यावं. तो आता असा आहे, उद्या वेगळा असेल. दिवसातून एकदा पाहावं. त्रुटी कळवली गेली तर आनंद मानावा, कारण समोरून उत्तर आलं आहे आणि नेमकं काय ऐकू आलं नाही तेही सांगितलं आहे. विचारलं तेवढंच पाठवावं. सोबत आपल्या चाळीस वर्षांच्या रेडिओसेवेचा इतिहास जोडू नये.

याच काळात घरी-दारी तो प्रश्न येतो : मोबाइल असताना हे कशाला? उत्तर ठरल्याप्रमाणे एकदाच. अंदमानात हौशी रेडिओला बरीच वर्षं परवानगी नव्हती. व्हीयू२आरबीआय या कॉलसाइनच्या भारती प्रसाद यांनी चिकाटीने पाठपुरावा करून ती मिळवली आणि डिसेंबर २००४ मध्ये त्यांची तुकडी सेट घेऊन पोर्ट ब्लेअरला गेली. गेली होती हौसेखातर, जगभरच्या हॅमना ते दुर्मीळ बेट गाठून द्यायला. २६ तारखेला सुनामी आली. फोन बंद पडले. मग त्याच सेटवरून बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. परवानगीचा तो कागद एक महिना उशिरा निघाला असता तर तिथे अँटेना उभीच नसती. दिल्लीतल्या टेबलाशी चिवटपणे बोलत राहणं हा या छंदाचा त्रासदायक भाग नाही, छंदच आहे, असं मला त्यामुळे वाटतं. असो. प्रश्न विचारणारा एव्हाना मोबाइल पाहू लागलेला असेल.

परवाना आल्यावर. कॉलसाइन तोच आहे ना, पाहावं. स्पेलिंग पाहावं. रंगीत प्रत काढून शॅकमध्ये लावावी, वॉशिंग मशीनच्या पाण्यापासून दूर. परवान्याने कशाची मुभा नाही तेही एकदा वाचावं : धंद्याचं बोलणं नाही, गाणी लावणं नाही, गुप्त भाषा नाही. चाकणला गाडी किती वाजता लोड होणार हे आपल्या भाच्याला बॅंडवर सांगणं यातल्या पहिल्यात बसतं.

उरला सोसायटीचा ना-हरकत दाखला. त्यासाठी कुठलंही पोर्टल नाही. दुसऱ्या मजल्यावरचे चेअरमन रविवारी अकरानंतर भेटतात, आणि आपल्या टीव्हीवर मालिकेच्या ऐन रंगात येणाऱ्या रेघा तुमच्या तारेमुळेच येतात, असं त्यांचं केबल जाऊन डिश आली तेव्हापासूनचं ठाम मत आहे. जाताना मोरयाच्या देवळातला प्रसाद न्यावा. दिल्लीत ज्याचा उपयोग होत नाही अशा बऱ्याच गोष्टी दुसऱ्या मजल्यावर चालतात.