संतांची वऱ्हाडात बदली

माझी आजी स्वर्गाकडे तहसील कचेरीसारखं पाहायची. साहेब एकच, पण त्यांच्यापर्यंत कागद पोचवायचा तर खालची टेबलं सांभाळावी लागतात, हे तिला यवतमाळातल्या उभ्या आयुष्याने शिकवलं होतं. डोळ्यांचं काम संत लूसीकडे, दाढदुखी संत अपोलोनियाकडे, घशाचं संत ब्लेझकडे. सगळीकडून हात टेकले की संत ज्यूड. आणि कुठल्याच टेबलावर कागद हलेना, तर सरळ पवित्र मरियेकडे. “माय म्हनंल तर पोरगं नाई म्हनते का बावा?” हा तिचा युक्तिवाद. त्यावर धर्मशास्त्र शिकून आलेले फादरही गप्प बसत.

१९५५ साली अमरावतीचा धर्मप्रांत नागपुरातून वेगळा निघाला आणि यवतमाळ अमरावतीकडे गेलं. घरात सांगतात, की आजीने तेव्हा एवढंच विचारलं होतं, आता बिशपांच्या गावाला जायचं तर तिकीट कुठलं काढायचं? अमरावतीचं, म्हटल्यावर ती प्रसन्न झाली. भाडं कमी.

संत अंतोनीशी तिचं विशेष सूत होतं. हरवलेलं शोधून द्यायचं हे त्याचं खातं. चष्मा, किल्ली, कानातलं, मोठ्या काकांची सातबाऱ्याची नक्कल, सगळं त्याच्यावर सोपवलेलं. त्याचा सण १३ जूनला. १२३१ साली पदुआजवळ तो त्या दिवशी वारला. आता १३ जून म्हणजे आमच्याकडे ऐन मिरगाचे दिवस. धूळपेरणी करून बसलेला माणूस आभाळाकडे पाहून पाहून मानेतून वाकडा होतो. त्यामुळे हरवलेल्या वस्तूंत आजीने पाऊसही धरला होता. सणाला मेणबत्ती लागायची, आणि पुढच्या चार-आठ दिवसांत थेंब पडला नाही तर अंतोनीचा पुतळा भिंतीकडे तोंड करून उभा केला जायचा. पाऊस आला की पुतळा पुन्हा सरळ, वर धुऊन-पुसून. काही वर्षी बिचारा जुलैपर्यंत भिंत पाहत होता.

खरं म्हणजे शेतीचा संत वेगळा, माद्रिदचा इसिदोर. तो मुळात दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. तो प्रार्थनेत दंग असताना देवदूत येऊन त्याचं औत हाकत, अशी कथा आहे. फादरनी ही कथा मोठ्या भक्तिभावाने सांगितली. आजीने ऐकून घेतली आणि विचारलं, “अन् देवदूतायचं साल कितीचं ठरलं होतं?” आमच्याकडे सालदार टिकत नसे, हे त्यामागचं दुःख. शिवाय इसिदोरचा सण १५ मेला. त्या दिवसांत वऱ्हाडात जमीन नांगरून तापत पडलेली असते आणि शेतकरी बियाण्याच्या पैशासाठी दारोदार फिरत असतो. या संताने तारीख बदलून घ्यावी, असं तिचं स्पष्ट मत होतं.

लॅटिन मिस्सा तिने अर्धं आयुष्य ऐकली होती. उत्तरं पाठ होती, अर्थ ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ला आटोपली. हळूहळू मिस्सा मराठीत आली, आणि वेदीकडे तोंड करून उभे राहणारे फादर लोकांकडे वळले. मराठीचं तिला कौतुक वाटलंच, पण दुसऱ्या बदलाची धास्ती अधिक. “आता कोन डुलक्या घेऊन रायलं, ते फादरले दिसते ना!” ती तिसऱ्या बाकावरून खांबाआडच्या बाकावर गेली, ती कायमची.

रोझरी मात्र कुठल्याही परिषदेने हात न लावलेली. पाच दशकांची एक माळ, त्यात आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्यं वारांप्रमाणे वाटलेली. आजीचं घड्याळ म्हणजे ही माळ. भाताला अर्धी माळ, तुरीच्या वरणाला पाऊण. अंतरही ती माळेनेच मोजायची, आणि त्यासाठी शकुंतलेइतकी सोयीची गाडी जगात नसेल. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. ११३ किलोमीटरला अख्खा दिवस मागायची. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरहून आलेलं. रुळांची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडे राहिली, याचा लोकांना राग होता. आजीला नव्हता. दारव्हा येईस्तोवर तिन्ही प्रकारची रहस्यं सावकाश आटपत, मधे शेजारणीच्या सुनेची चौकशीही होई, आणि तरी दारव्हा यायचंच असे. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने घातली. तोवर आजी एस. टी.ने जाऊ लागली होती. “गाडी हळू होती तवा कमी होते,” ती कुरकुरली, “आता मोटर पळते तं वाढवून देल्ले!” तरी गुरुवारी ती नवी रहस्यं नेमाने म्हणायचीच. वरून आदेश आला होता.

आमच्या गल्लीतल्या खाटकाचं मात्र मला वाईट वाटायचं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमचं घर मटण सोडायचं, आणि श्रावण लागला की शेजारपाजार सोडायचा. नाताळाच्या आदल्या दिवशी तो आजीला “माय” म्हणून हाक मारायचा, त्यात मला दोन्ही उपवासांची थकबाकी ऐकू यायची. उपवासकाळ संपताना येई गुड फ्रायडेची क्रुसाची वाट. चौदा स्थानं, एप्रिलची दुपार, पायाखाली तापलेली फरशी. प्रत्येक स्थानाशी गुडघे टेकायचे. आजी डोक्यावर ओला पंचा घेऊन चौदाही स्थानं पुरी करायची, आणि घरी आल्यावर कांद्याचा रस तळपायाला चोळत म्हणायची, “यरुशलेमात ऊन असंल बावा. पन यवतमाळासारखं नसंल.”

गोव्याला ती एकदाच गेली, १९८४-८५च्या दर्शनसोहळ्याला. संत फ्रान्सिस झेवियरचं शव दर दहा वर्षांनी लोकांसमोर आणतात. रांगेत तासन्‌तास उभं राहून तिने दर्शन घेतलं. पुढे वर्षानुवर्षं सांगितलं मात्र दर्शनाचं नाही, पायाच्या बोटाचं. १५५४ साली शव गोव्यात आलं तेव्हा एका पोर्तुगीज बाईने पायाचं चुंबन घेता घेता बोटच चावून नेलं, असं सांगतात. नंतर उजवा हात रोमला मागवला गेला, तो १६१४ साली. हाताचं आजीला काही वाटलं नाही; हेडऑफिसने मागितल्यावर द्यावंच लागतं. बाईवर मात्र तिचा जीव जडला. “चावाले नोको होतं,” असं म्हणताना तिच्या तोंडावर जे यायचं त्याला मी निषेध म्हणणार नाही.

पण आजी खरी रंगायची ती नाताळच्या गोठ्यात. गोठा मांडायची रीत असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी १२२३ साली घातली, म्हणतात. तिथे डोंगर, थंडी. पुढे युरोपभर गोठ्यावर बर्फही पडू लागला आणि तो बर्फ चित्रांतून आमच्या चर्चमध्ये आला. बर्फासाठी आमची पोरं दुकानातून कापसाची गुंडाळी विकत आणत. यवतमाळात! वेचणीच्या हंगामात! घराघरांत कापूस छताला टेकलेला असताना! हा अपमान आजीला सोसला नाही. तिने घरचा कापूस पाटीत भरून नेला. त्यामुळे आमच्या बेथलेहेमात सरकीसकट बर्फ पडायचा. मेंढपाळ त्यात गुडघाभर रुतलेले, आणि बैल मातीचा असला तरी शिंगं बेगड लावून पोळ्यासारखी सजवलेली. गाढवाला तिने फारसं महत्त्व दिलं नाही. वजन करून दिलेला कापूस ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर, वजन करून परत घेतला जायचा. एके वर्षी तो पावभर कमी भरला. तिने कोणावर आळ घेतला नाही. फक्त अंतोनीला मेणबत्ती लावली. आठवडाभरात चर्चच्या माळीबुवांच्या घरी नवी उशी दिसली. आजी ती पाहून आली, हाताने दाबून आली, आणि म्हणाली, “सापडला.” मागितला मात्र नाही.

कन्फेशनला ती दर शनिवारी जायची. स्वतःची पापं तिला फारशी आठवत नसत, म्हणून ती सुनांची सांगायची. फादर आतून म्हणत, “आजी, तुमची सांगा.” आजी म्हणे, “ह्यायच्यापायी मले राग येते, ते माहं पाप. आता ह्यायनं काय केलं ते आयका.” यात तर्काची खोट काढून दाखवा.

चांगल्या मरणासाठी संत योसेफ. त्या टेबलावर तिने अर्ज फार आधी देऊन ठेवला होता, अटीसकट: वेचणीच्या दिवसांत नको, बायांची मजुरी बुडते. ती गेली ती उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत. अट पाळली गेली.

तिच्या मागे, जानेवारी २०१९मध्ये, आमच्या यवतमाळात मराठी साहित्य संमेलन झालं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण मागे घेण्यात आलं, त्यावरून गावाची आणि साहित्याची जी शोभा व्हायची ती झाली. उद्घाटन शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने, वैशाली येडे यांनी केलं, आणि ते चांगलं झालं. पुढच्या वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. टीव्हीवर त्यांना पाहताना मोठे काका आजीच्या आवाजात म्हणाले, “यवतमाळात केलं अन् कन्फेशनले उस्मानाबादले गेले काय बावा सारे?”