शेवरोले ३१०० : फोम घालावा की स्प्रिंगा?

१९४७ ते १९५५ या काळातल्या शेवरोले ३१०० पिकअपला तिघे बसतील असे एकच सलग बाक असते. ते उघडताना आधी रेक्झिन, मग कापूस, मग गोणपाट आणि तळाशी पोलादी चौकटीला बांधलेल्या गुंडाळी स्प्रिंगा लागतात. पुष्कळदा उंदरांनी स्वखर्चाने आणखी एक थर घातलेला असतो. तो कंपनीचा नसल्यामुळे काढावा.

निदान : चालकाच्या जागी बसावे. बसणारा दाराकडे कलला तर स्प्रिंगा बसल्या. टोचले तर तुटल्या. दोन्ही झाले तर विक्रीच्या जाहिरातीत ‘सर्व भाग मूळचे’ असे लिहावे.

स्प्रिंगा : यांतून हवा खेळते, वजन पसरते आणि कुरकुर येते, शौकीन तिला अस्सलपणाचा पुरावा मानतात. सुटलेले सांधे तारेच्या कड्यांनी पुन्हा आवळावेत. चालकाखालच्या थकलेल्या स्प्रिंगांच्या जागी मधल्या, कमी वापरातल्या लावाव्यात. मधल्या जागेवर पुढे कोणाला बसवायचे, हे घरात विचारून ठरवावे. स्प्रिंगेला वेल्डिंग करू नये, उष्णतेने तिचा ताण जातो. चौकटीला करायचेच असेल तर बाक बाहेर काढावे. १९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, बाकाच्या मागेच आहे. हे वाक्य गंमत म्हणून घातलेले नाही.

फोम : घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता घनमीटरला किती किलो यावर मोजतात, आणि फोम किती वर्षे टिकेल हे बरेचसे तीवरून ठरते. दुकानात मात्र फोम अंगठ्याने दाबून पाहतात. ट्रकमध्ये अंगठ्यावर कोणी बसत नाही. स्प्रिंगा काढून नुसता फोम भरला आणि तो जाड झाला, तर मांड्या स्टिअरिंगला लागतात. पातळ राहिला, तर खालची चौकट लागते.

मध्यममार्ग : स्प्रिंगा दुरुस्त करून त्यांवर नवे गोणपाट ताणावे, म्हणजे तारा फोमला कापत नाहीत. वर इंचभर फोम, कापसाचा पातळ थर आणि कव्हर. हाच पर्याय बहुधा योग्य असल्याने इतर दोन्ही करून झाल्यावर निवडला जातो.

कव्हर ओढून कड्या आवळण्यापूर्वी मालकाने अर्धा तास बसून पाहावे. त्यानंतर बाक सुधारता येत नाही, त्याचे समर्थन तेवढे करता येते.