रेफ्री

यांच्या शेजारी बसून मारामारीचा सिनेमा बघायचा नाही, हे आमच्या मंडळींत केव्हाच ठरलंय. तरी दर वेळी कुणीतरी सापडतंच. गृहस्थ बँकेत. मध्यंतरी जिउ-जित्सूच्या क्लासला गेले आणि पांढरा पट्टा, दुखरा गुडघा आणि जगाच्या चुका काढायचा परवाना घेऊन परतले.

‘वॉरियर’चा (२०११) शेवट. धाकट्या भावाचा खांदा निखळलेला, थोरला मागून गळा आवळून त्याचीच माफी मागतोय, सगळं घर डोळे पुसतंय. आणि हे पॉज दाबतात!

“खांदा तिसऱ्या राउंडला गेलाय. डॉक्टर कुठंय? अहो, २००१ साली मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे नियम जिथं ठरले, त्याच न्यू जर्सीत हे चाललंय!”

मग पडद्यावरचा चोक कसा ढिला आहे, हे दाखवायला ते दिवाणावरचा लोड खाली ओढतात. पाय आत गुंतवतात, हनुवटी रुतवतात, लाल होतात. लोडानं अजून एकदाही टॅप करून हार मानलेली नाही. मात्र थोरल्याचं काम करणाऱ्या जोएल एजर्टनबद्दल वाकडा शब्द नाही. शूटिंगमध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं ना! “आमचं दोघांचं एकच लिगामेंट,” असं ते सख्ख्या भावाबद्दल सांगावं तसं सांगतात.

‘रेडबेल्ट’ (२००८) काठावर पास, कारण दिग्दर्शक डेव्हिड मॅमेट स्वतः जिउ-जित्सू शिकलेला. पण लढतीआधी गोटी काढून कुणाचा हात बांधायचा ते ठरतं, तिथं यांचा तोल गेलाच. “ही काय हौजी आहे?” ‘वॉरियर’चाच हिंदी अवतार असलेल्या ‘ब्रदर्स’चं (२०१५) नाव काढलं, की ते नुसतं पाणी मागतात.

शेवटी त्यांच्यासमोर ‘द स्मॅशिंग मशीन’ (२०२५) ठेवला. मार्क कर हा खरा लढवय्या, जपानातली ‘प्राइड’ स्पर्धा खरी. त्याच्या मित्राच्या, मार्क कोलमनच्या भूमिकेत रायन बेडर, तोही खराखुरा फायटर. करच्या भूमिकेतला ड्वेन जॉन्सन ओळखू येऊ नये इतका बदललेला. रिमोटला हात नाही. लोड जागच्या जागी. आम्हाला काळजीच वाटायला लागली.

“सगळं बरोबर होतं,” संपल्यावर ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. चपला शोधता शोधता थांबले. “पण हीरो क्वार्टर फायनललाच हरतो? मग मला दोन तास बसवलंत कशाला?”