नेमकरी

चातुर्मासात आपल्याकडे कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण, कोणी पानात वरून मीठ घेत नाही. माझ्या आजीने एका वर्षी जेवताना न बोलण्याचा नेम केला होता. आजोबा तो चातुर्मास शेवटपर्यंत आठवत. आमच्या भाऊंनी मात्र काही सोडलं नाही. चातुर्मास संपता संपता त्यांनी धरलं, आणि धरली ती लेखणी.

भाऊ अमरावतीच्या साईनगरात राहतात. सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत एकतीस वर्षं काढल्यामुळे लेखनाशी आपला संबंध जुना आहे, असं त्यांचं मत. शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं. एक लिहायचं, दुसरं कोणी मागितलं तर द्यायचं. दुसरं चालत नाही.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याला नेमाशिवाय करमत नाही. भाऊंनी आदल्या वर्षी रोज दहा हजार पावलं चालून पाहिली (शेवटची हजार रात्री गच्चीवर, त्यामुळे खालच्या भाडेकरूने खोली सोडली). त्याआधी एकवीस दिवस साखर बंद, त्याआधी रथसप्तमीपासून सूर्यनमस्कार. या माणसाची खूण अशी, की त्याला साक्षीदार लागतात. एकट्याने केला तर नेम म्हणजे नुसता त्रास. तोच आणखी आठ जणांच्या गळ्यात घातला की त्याचा उपक्रम होतो.

ही कल्पना पुण्याच्या भाच्याने डोक्यात घातली. 1999 साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोकडे, ख्रिस बॅटी नावाच्या माणसाने वीसेक मित्र जमवून महिनाभरात कादंबरी लिहायची पैज लावली. पुढे दर नोव्हेंबरात जगभरचे लाखो लोक तीस दिवसांत पन्नास हजार शब्द पाडायला बसू लागले. त्या उपक्रमाची संस्था 2025 मध्ये बंद पडली, हे भाचा बोलला नाही.

"पन्नास हजार आपल्याले जमत नाई," भाऊ म्हणाले, "पन रोज एक पान त कोनीबी लेहते. आपल्या दिवसाचं. खरंखुरं."

झालं. अमरावतीचे चार, अकोल्याचे चार आणि मूर्तिजापूरचा एक मेडिकलवाला असे नऊ भिडू. मूर्तिजापूर दोन्ही गावांच्या मधोमध, म्हणून मेडिकलवाला पंच. शिवाय त्याला रात्री बारापर्यंत जागायची सवय. नियम साधे. रोज आपल्या दिवसाबद्दल वहीत एक पान लिहायचं, रात्री बाराच्या आत त्याचा फोटो सगळ्यांना पाठवायचा. खाडा झाला की पन्नास रुपये दंड. दंडाच्या पैशांतून महिन्याच्या शेवटी रोडगे. म्हणजे नेमाचं उद्यापनही आधीच ठरलेलं. मी चौथ्या दिवशीच पन्नास रुपये भरले, त्यामुळे पुढचं सगळं निवांत बघता आलं.

पहिला आठवडा जोरात गेला. प्रत्येकाकडे आयुष्यभराचा माल तुंबून होता. अमरावतीकरांनी अंबादेवीपासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापर्यंत सगळ्या आठवणी उरकल्या. अकोलेकरांची पंचाईत झाली. अकोल्याचा हक्काचा विषय ऊन, आणि नोव्हेंबरात तो रजेवर. मग त्यांनी श्रावणातली कावड काढली. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला कसं आणलं, हे चौघांनी चार दिवस लिहिलं. चौघांच्याही लिखाणात सगळ्यात पुढच्या खांद्यावर लेखकच होता. मेडिकलवाल्याने एवढंच विचारलं, "कावडीले मांगून कोनी धरलंच नवतं काय?"

आठव्या दिवशी भाऊंचा साठा संपला. त्या दिवसाचं पान मी जपून ठेवलं आहे. फोटोत डाव्या कोपऱ्यात अंगठा, उजवीकडे हळदीचा डाग, मध्ये मजकूर: "पहाटे उठलो. चहा घेतला. वर्तमानपत्र आले नव्हते. नंतर आले." पुढच्या चौदा ओळी वर्तमानपत्र येण्याआधीच्या मनःस्थितीबद्दल.

अकोल्याच्या जठारपेठेतले निवृत्त सर आमच्यातले तिखट वाचक. त्यांनी फोन केला. "भाऊ, हे काय लेहलं बाप्पा? उठलो, चहा घेतला?"

भाऊंचं उत्तर तयार होतं. "सर, दादासाहेब खापर्ड्यांची डायरी पाहा. तेबी उठल्यापासूनच सुरू करत."

यात खोटं काही नाही. दादासाहेब खापर्डे अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे सहकारी, 1897 साली अमरावतीत काँग्रेस भरली तेव्हाचे स्वागताध्यक्ष. त्यांनी वर्षानुवर्षं रोजनिशी ठेवली, तीही इंग्रजीत. 1910 च्या डिसेंबरात आठवडाभर, आणि पुढे 1911 च्या डिसेंबरपासून 1912 च्या मार्चपर्यंत ते शिर्डीत होते. त्या दिवसांच्या नोंदी साईभक्त आजही वाचतात. त्यातल्या कितीतरी नोंदी सकाळचं उठणं आणि प्रार्थना यांनीच सुरू होतात. अमरावतीत खापर्डे बगीच्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला हा आधार पुरतो.

सर म्हणाले, "दादासाहेब उठत तवा समोर साईबाबा असत. तुमी उठता तवा समोर वॉशिंग मशीन हाय."

भाऊंनी तेही नवव्या दिवसाच्या पानात घातलं. मशीनचं.

एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं: पानं वाचत कोणीच नव्हतं, मोजत मात्र सगळे होते. रात्री साडेअकरा झाले की नऊ घरांत नऊ माणसं कोणाचं पान आलं नाही ते बघत बसायची. दुसऱ्याचा खाडा म्हणजे आपल्या ताटात अर्धा रोडगा. चौदाव्या दिवशी सरांनी परीक्षा घेतली. पानाऐवजी घरच्या वीजबिलाचा फोटो पाठवला. सहा जणांचे अंगठे आले, एकाने हात जोडले, आणि भाऊंनी शेरा दिला, "ओघवतं!" सकाळी सरांनी बिंग फोडलं तेव्हा भाऊ डगमगले नाहीत. "आकडे बोलतात सर त्याच्यात," म्हणाले. मी ते बिल पुन्हा पाहिलं. थकबाकीचा भाग खरोखरच मनाला भिडणारा होता.

अकोल्याच्या वकीलसाहेबांची तऱ्हा निराळी. त्यांनी पुढच्या आठवड्याची सात पानं रविवारीच लिहून ठेवायला सुरुवात केली. बुधवारच्या पानात सकाळचं कोवळं ऊन अंगणात उतरलं, आणि प्रत्यक्षातल्या बुधवारी अकोल्यात अवकाळी पावसाने कापूस भिजवला. पंचांनी खुलासा मागितला. वकीलसाहेब म्हणाले, "मी सकाळ लेहली, ठिकान कुठं लेहलं?" या मुद्द्यावर दंड माफ झाला. वकिलाशी पैज लावू नये.

भाऊ मात्र प्रामाणिक. दिवसाबद्दल लिहायचं, तर दिवसात काहीतरी घडायला हवं, हे त्यांना पटलेलं. मग जे घडत नव्हतं ते घडवायला ते बाहेर पडू लागले. कारण नसताना बडनेऱ्याला जाऊन रेल्वे बघून आले. भाजीवालीशी सांबारावरून, म्हणजे कोथिंबिरीवरून, वाद उकरून काढला. ती बिचारी पटकन ऐकून घेऊन जास्तीची जुडी देऊन बसली, तर हेच नाराज. एकदा खास पान भरायला गिला वडा खायला गेले. दह्यात भिजलेला तो वडा खाण्यात असे रमले की लिहायचं राहिलं, आणि साडेअकराला आठवण करून दिली ती पोटाने. त्या रात्रीचं पान चार ओळींचं आहे. महिन्याभरातलं माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं.

सतराव्या दिवशी कळस झाला. रात्रीचे साडेदहा वाजले तरी काहीच घडलेलं नव्हतं. भाऊंनी मफलर गुंडाळला, वही काखेत मारली आणि स्कूटर काढून राजकमल चौक गाठला. दुकानांची शटरं पडत होती. हे बंद पानटपरीशेजारी उभे. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. गस्तीवरचा पोलीस दोनदा पाहून गेला, तिसऱ्यांदा थांबला.

"काका, काय करून राह्यले इथं?"

"काई नाई. काई घडते काय, पाहून राह्यलो."

पोलिसाने वहीकडे पाहिलं. "काय घडाले पाह्यजे म्हन्ता?"

"लहानसंच. एका पानाचं."

पोलीस जरा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "घरी जा काका. आज सारं शांत हाय, तसंच राहू द्या." भाऊंनी हा सगळा प्रसंग सोडून त्या पानात शहरातल्या वाढत्या वाहतुकीवर चिंतन लिहिलं. पोलिसाचं आम्हाला नंतर वहिनींकडून कळलं.

वहिनींचा या प्रकारात सहभाग आरंभी फक्त "अहो, लाइट बंद करा ना" इतकाच होता. पण अकराव्या दिवशी भाऊंनी लिहिलं, की आज वरण पातळ होतं. ते पान अकोल्याला पोचलं, तिथून वकीलसाहेबांच्या घरी, तिथून वहिनींच्या मावसबहिणीकडे. वऱ्हाडात बातमीला मूर्तिजापूरला बदलायची गाडीही लागत नाही. बाराव्या दिवसापासून प्रत्येक पान आधी वहिनी वाचत. घरात दुसरा कोणीही वाचक नव्हता, हे लक्षात घेतलं तर भाऊंचं साहित्यिक भाग्य तिथूनच उजळलं म्हणायचं.

वहिनींचा पुरावाही पक्का. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात नोंद: दूध दीड लिटर, बाई आली नाही, गॅस लावला. भाऊंच्या एकोणिसाव्या पानात "पहाटे पाचला छत्री तलावावर फेरी मारली, धुक्यात तलाव ऋषीसारखा बसला होता" असं वाक्य आलं. वहिनींनी त्याच तारखेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: "दूधवाला 6.30. हे झोपले, पातेलं मीच दिलं." ऋषी खोडावा लागला.

मधे एकदा भाऊंनी नेम सोडायचं ठरवलं होतं. बाविसावा दिवस. त्यांनी सरांना फोन करून सांगितलं की आता होत नाही. सरांनी त्यांना आपल्या दोन गावांमधला रस्ता ऐकवला. "भाऊ, 2022 च्या जूनमधी अमरावती-अकोला रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर पडलं. गिनीज बुकात नोंद हाय. म्हन्जे तासाले सातशे मीटर! अन् तुमाले तासाले एक पान होत नाई?"

भाऊंनी विचार करून विचारलं, "मानसं किती होती?"

"सातशेवर."

"मंग?" भाऊ म्हणाले. "मी एकटाच हाओ ना."

पण त्या रात्री पान आलं. रस्त्यावरच होतं. डांबराच्या तापमानापासून सुरुवात केली होती, बाकी अकोल्याच्या उन्हाळ्यावर. अकोलेकर चिडले, त्यांचा विषय पळवला म्हणून.

29 तारखेला पंचांनी हिशोब मांडला. 261 पानं यायला हवी होती, आली 218. 43 खाडे, म्हणजे 2150 रुपये. नऊच्या नऊ जणांनी नेम चोख पाळला असता तर उद्यापनाला उपाशी बसावं लागलं असतं, हे तेव्हा ध्यानात आलं. भाऊंचा खाडा एकही नव्हता. रोडग्यांसाठी त्यांचा वाटा शून्य, म्हणून वकीलसाहेबांनी त्यांना पाहुण्याचा दर्जा देण्याची सूचना मांडली.

30 ला मूर्तिजापूरजवळ मेडिकलवाल्याच्या शेतात जमलो. चंपाषष्ठी झालेली, वांगं सुटलेलं. कणीक मळून झाली, वांगी चिरून झाली, पण गोवऱ्या काही धरेनात; अवकाळीने ओल धरली होती. पुठ्ठा शोधला, नव्हता. शेवटी सरांनी भाऊंच्या काखेतली वही काढून घेतली आणि वारा घालायला बसले. पाच मिनिटांत विस्तव फुलला. जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही होती, हाताला चांगली बसत होती. रोडगे आतपर्यंत खरपूस झाले. तुपात बुडवून, वांग्याच्या भाजीशी मी तीन खाल्ले, सरांनी चार. भाऊंनी किती खाल्ले ते मोजायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

त्या दिवशी आठ जणांनी दंड कबूल करून टाकला. कोणालाही वही उघडायची इच्छा नव्हती. परतताना उशीर झाला. त्याच विक्रमी रस्त्यावर, गाडीच्या आतल्या मिणमिणत्या दिव्यात, भाऊंनी राखेचे डाग पडलेली वही मांडीवर घेतली आणि लिहिलं. फोटो काढला, पाठवला. वाटेत नेटवर्क गेलं. पान पंचांना मिळालं तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. मजकूर एकाच ओळीचा होता: "आज रोडगे खाल्ले."

पंचांनी निकाल दिला: खाडा. भाऊंनी पन्नास रुपये भरले. वाद घालतील असं वाटलं होतं, घातला नाही.

तर पंचांकडे आता साडेचारशे रुपये आगाऊ जमा आहेत. पुढच्या नोव्हेंबरासाठी एक भिडू कमी पडतो आहे, कारण वकीलसाहेबांनी वर्षभराची पानं आत्ताच लिहून दिली म्हणून त्यांना काढलं. अमरावती-अकोल्याच्या दरम्यान कोणी इच्छुक असेल तर कळवावं. अक्षर कसंही चालेल. रात्री दहाला झोप येणाऱ्याला प्राधान्य.