शिरवळला विचारलंय

ज्या माणसानं जन्मभर कुत्र्याशी ‘हाड’ एवढाच संवाद केला, त्याच्या घरात साठीनंतर पिल्लू आलं की काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं असणारच. तुमच्या सोसायटीत असा एक असेल, आळीत असेल, फारच दुर्दैवी असाल तर घरातच असेल. आमच्या सारोळ्यात तो बापू आहे. खरं नाव सांगत नाही. भोर तालुक्यात बापू पायलीचे पन्नास, त्यामुळे कोणी अंगावर ओढून घेईल अशी भीती नाही. ज्यानं घ्यावं असा जो एक आहे, तो आत्ता कुणाच्या तरी लॅब्रॅडोरचा कान उलटा करून आत बघत असणार.

बापू भोर आगारात कंडक्टर होता. मुलगा पुण्यात, खराडीला कंपनीत. त्यानं आणि सूनबाईनं हौसेनं जॅक रसेल टेरियर जातीचं पिल्लू घेतलं. पिल्लानं फ्लॅटमधल्या सोफ्याच्या पोटातला स्पंज बाहेर काढला, खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, आणि एका रविवारी पिल्लू, त्याची गादी, वाडगा, अर्धं खाद्याचं पोतं आणि लसीचं कार्ड असा सगळा संसार सारोळ्याला येऊन उतरला. “दिवाळीपर्यंतच,” मुलगा म्हणाला. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते म्हणाला नाही.

गावानं आधी किंमत विचारली. किंमत कळल्यावर एक म्हातारा म्हणाला, “एवढ्यात कालवड आली आसती. ह्ये देतं काय?”

पिल्लाचं नाव मायलो. वहिनींनी ते दोन दिवस म्हणून पाहिलं, मग त्यांच्या तोंडी आपसूक ‘मेल्या’ झालं. पिल्लू त्या नावाला लगेच शेपूट हलवत येऊ लागलं, तेव्हा बापूचा नाइलाज झाला. आता कागदोपत्री मायलो आणि घरात मेल्या.

जॅक रसेल म्हणजे काय, हे सारोळ्यात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. इंग्लंडात डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचा पाद्री होऊन गेला. देवाच्या कामापेक्षा कोल्ह्यांच्या शिकारीत त्याचा जीव जास्त. १८१९ साली, ऑक्सफर्डला शिकत असताना, त्यानं एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून हा वंश वाढवला. बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढणं हे याचं काम. रंग बराचसा पांढरा, कारण कोल्हा कोणता आणि कुत्रा कोणता हे लांबून कळलं पाहिजे. पूर्वी ज्या चालीवर ‘कापूरव्होळ, किकवी, सारोळा, शिरवळ’ म्हणायचा, त्याच चालीवर बापू आता पाद्री, दूधवाला, कोल्हा हे सगळं एका दमात म्हणतो. एचएमव्हीच्या तबकडीवर भोंग्यापुढं बसलेला निपर, तोही टेरियरच, हे तो शेवटी सांगतो. वहिनी एकदा आतून म्हणाल्या, “तो मालकाचं ऐकत तरी होता.”

इथवर सगळं सुसह्य होतं. पुढं शिरवळ आलं.

ज्यांना भूगोल ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सारोळ्याला नीरा नदीवर पूल आहे. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा जिल्हा आणि शिरवळ. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासून. आमच्या म्हशी, बैल, शेळ्या तिथं जाऊन बऱ्या होऊन येतात आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. बापू मेल्याला घेऊन एकदा लसीसाठी गेला आणि परत आला तो ‘शिरवळला विचारलंय मी’ हे वाक्य घेऊन.

“पिल्लाला गाईचं दूध घालू नका, पोट बिघडतं. शिरवळला विचारलंय.” “कांद्या-लसणाचं कालवण घालू नका, रक्त कमी होतं. शिरवळला विचारलंय.” “मनुका नको, मूत्रपिंडाला बाधतो. चॉकलेट तर दाखवूसुद्धा नका.” हे तो कोणाला सांगत होता? ज्यांच्या दारची काळी-तांबडी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या मटणाच्या रश्श्यात कुस्करलेल्या भाकरीवर जगली, त्यांना. सल्ला खरा होता, हीच तर पंचाईत. चुकीचा असता तर भांडता आलं असतं.

एकदा तो एसटीत दिसला. मांडीवर श्रीखंडाचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. कंडक्टर त्याच्या हाताखाली तयार झालेला पोरगा. तो म्हणाला, “बापू, एकटेच खाणार व्हय?” बापू गंभीरपणे म्हणाला, “तुला चालणार नाही.” मेल्याला जंत आहेत का ते बघायचं होतं, नमुना ताजा लागतो. शिरवळ येईपर्यंत शेजारच्या बाई त्या डब्याकडे मोठ्या मायेनं बघत होत्या.

पुढं पुढं या वाक्याला धरबंध राहिला नाही. माझा गुडघा दुखतो म्हटल्यावर बापू म्हणाला, “शिरवळला विचारू का?”

“अरे, ते जनावरांचं आहे.”

“गुडघा तो गुडघाच.”

गावानंही ते उचललं. नळाला पाणी कधी येणार? शिरवळला विचार. सोसायटीचं कर्ज कधी मंजूर होणार? शिरवळला विचार. एका लग्नात मुलीच्या मामानं पंचांग बघणाऱ्या गुरुजींनाच सांगितलं, मुहूर्ताचं एकदा शिरवळला विचारून घ्या.

हे शिरवळ म्हणजे नक्की कोण, याचा मी छडा लावला. डबा पोचवायचा, सुई द्यायची, तेव्हा बापू रीतसर डॉक्टरांकडे जातो. पण एरवीचे जे फुटकळ प्रश्न, म्हणजे मेल्या झोपेत पाय का झाडतो, तो फक्त पिवळी चप्पलच का खातो, हे तो शिरवळच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारतो. पांढरा कोट दिसला की बापू बाकावर शेजारी. मी पाहिलं तेव्हा सापडलेला पोरगा पहिल्या वर्षाचा होता, अजून हाडंच शिकत होता. त्यानं जीव तोडून सांगितलं, “काका, वागणुकीचं आम्हाला अजून नाही.” बापू म्हणाला, “मग हाडांचं सांग.” त्यानंतर सारोळ्यात आठवडाभर कुत्र्याच्या बरगड्यांवर व्याख्यान चाललं.

पुण्याहून महाबळेश्वर, कोल्हापूर, गोव्याकडे निघालेल्या गाड्या आमच्याकडे चहाला थांबतात. त्यातल्या काही गाड्यांच्या काचेतून कुत्र्याचं तोंड बाहेर असतं. बापू हात वर करून पुढं होतो. कंडक्टरकीत जन्म गेला, गाडी थांबवायला त्याला संकोच नाही. “वय काय?” हा त्याचा पहिला प्रश्न. एक तरुण गोंधळून म्हणाला, “चौतीस.” “तुझं नाही,” बापू म्हणाला, आणि थेट कुत्र्याचा जबडा उघडून दात मोजू लागला. दुधाचे अठ्ठावीस, पक्के बेचाळीस, हे त्याला तोंडपाठ. मेल्याचा पडलेला एक दात त्यानं जुन्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत, जिथं सुटे पैसे असत त्या खणात, कापसात गुंडाळून ठेवलाय. मला दाखवला. तांदळाच्या कणीएवढा. “बाकीचे गिळले त्यानं,” म्हणाला, “हा एवढाच हाती लागला.”

रात्रीचा कार्यक्रम वेगळा. पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं, बाहेर उरकलं की तिथल्या तिथं शाबासकी द्यायची. घरात झालं तर मारायचं नाही, नाक त्यात घासायचं नाही, गुपचूप पुसायचं. ही पद्धत योग्यच आहे. पण उसाच्या कडेला राहणारा माणूस रात्री दोन वाजता घोंगडी पांघरून, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात बिबट्यासाठी काठी अशा थाटात अंगणात उभा राहून ‘शाब्बास! शाब्बास!’ ओरडू लागला की शेजाऱ्यांनी काय समजायचं?

मेल्यानं बांध उकरले, भुईमूग उकरला, मी लावलेली गुलछडी उकरली. बिळात शिरायचं रक्त, त्याला काय करणार. मग एका शेतकऱ्याच्या कांदाचाळीत त्यानं आपल्या निम्म्या अंगाची घूस धरली, आणि एका रात्रीत मेल्याचा मायलोशेठ झाला. लोक बोलवायला येऊ लागले. बापू खूश व्हावा की नाही? तो प्रत्येकाला बजावू लागला की उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, माणसालाही होतो, चाळीत अनवाणी फिरू नका. पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे.

कुत्र्याचे हे लाड कशाला, असं कोणी म्हटलं की तो शाहू महाराजांचा खंड्या काढतो. याच रस्त्यानं सरळ साताऱ्याला जा, संगम माहुलीला खंड्याची समाधी आहे. वाघापासून महाराजांचा जीव त्यानं वाचवला, असं सांगतात. “छत्रपतींनी समाधी बांधली, मी नुसता स्वेटर घेतला,” बापू म्हणतो. यावर काय बोलणार?

मागच्या हिवाळ्यात धनगराचं खांड नदीकाठी उतरलं होतं. बापू तिथंही पोचला. मेंढरांभोवती तीन दांडगी कुत्री, गळ्यात लांडग्या-बिबट्यासाठी खिळ्यांचे पट्टे. बापूनं लस, जंत, गोचीड असं सगळं प्रकरण पहिल्यापासून सुरू केलं. धनगरानं तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आमची कुत्री मेंढरं राखत्यात. तुमचं काय राखतंया?”

“मला,” बापू म्हणाला.

म्हणून गेला खरा, पण लगेच वाकून एका कुत्र्याच्या पट्ट्यात बोटं घालत म्हणाला, “सैल करा हा. दोन बोटं गेली पाहिजेत आत. शिरवळला विचारलंय.”

त्याचं ते ‘मला’ माझ्या मनात राहिलं. निवृत्तीनंतर बापू नुसता बसून असायचा. संध्याकाळी महामार्गाच्या कडेला उभा राहून भोरची गाडी किती उशिरा आली ते घड्याळात बघायचा, कोणाला सांगायचा नाही. मुलाचा फोन महिना-महिना नसे. आता मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. पहिला प्रश्न, “मायलो कुठंय?” बापू फोन जमिनीजवळ धरतो. मुलाला मेल्याचं नाक दिसतं आणि मागं बापाच्या लेंग्याची नाडी. वर्षभर त्यानं बापाचा चेहरा नीट पाहिला नसेल, पण फोन मात्र चुकला नाही. बापूला याचं काही वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतो कोण.

आणि आणखी एक. हे सांगायला मी खरं तर नाखूश आहे, कारण त्याच्या कानावर गेलं तर जगणं मुश्किल होईल. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका पोराला भटकं कुत्रं पोटरीला चावलं. कोणी तिखट आणलं, कोणी चुना. बापूनं दोघांनाही तिथल्या तिथं शिव्या घातल्या, पोराचा पाय मोटारीच्या धारेखाली धरला आणि साबण लावून घड्याळाप्रमाणे पंधरा मिनिटं धुतला. मग गाडीवर घालून सरकारी दवाखान्यात. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की इलाज उरत नाही. जे करायचं ते आधी. पहिल्या सुईनंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. मधेच टोळी पुरंदरकडे हलली. बापू पोराचा कागद खिशात घालून फडाफडातून विचारत गेला आणि शेवटच्या सुईला त्याला स्वतः घेऊन आला. एरवी कुत्र्याच्या शिंकेचीही बातमी करणारा हा माणूस, याबद्दल चावडीवर एक शब्द बोलला नाही. मला ते दवाखान्यातल्या शिपायाकडून कळलं.

त्यानंतरच्या २८ सप्टेंबरला, लुई पाश्चर १८९५ मध्ये गेला त्या तारखेला, म्हणजे जागतिक रेबीज दिनी, बापूनं गावातली मालकाची-बिनमालकाची सगळी कुत्री लस टोचायला जमवली. बिस्किटं स्वतःच्या पेन्शनीतून. एका बाईंनी डॉक्टरांना विचारलं, पुन्हा कधी आणायचं? डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, “वर्षानं. शिरवळला विचारलंय.” डॉक्टर शिरवळलाच शिकलेले होते. त्यांनी मुकाट्यानं पुढचं कुत्रं घेतलं.

तेव्हा सांगायचं एवढंच: सारोळ्याला चहाला थांबणार असाल आणि गाडीत कुत्रं असेल, तर काच वर ठेवा. ते जमत नसेल तर हाताशी अर्धा तास ठेवा. आणि लसीचं कार्ड बरोबर असू द्या. तो मागतो.