बंबात गेलेली बिलं

कुंपणाच्या तारेवर गोधडी टाकता टाकता शेजारच्या आक्कांनी हाक मारली, "अगं ऐकलंस का? मपल्या धाकट्यानं नंबर घेतला."

मला वाटलं मोबाइलचा. "कुठल्या कंपनीचा?"

"सरकारचा! सेल टॅक्सचा."

२००५ साली व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आक्कांच्या तोंडी अजून सेल टॅक्सच. धाकट्याचं ओतुरात एसटी स्टँडच्या अंगाला पाइप-फिटिंगचं दुकान. वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या बरीच आत. नुसता माल विकणाऱ्याला, तोही राज्यातल्या राज्यात, एवढ्यावर नंबराची सक्ती नाही.

"मग कुणी भरीला घातलं त्याला?"

"त्या ठेकेदारानं. म्हणाला पक्कं बिल दे, नाहीतर आळेफाट्यावरून माल उचलतो. पोरगं घाबरलं. दुकानाच्या पाटीवर २७ पासून सुरू होणारा पंधरा अक्षरी आकडा रंगवून घेतलान. आता शेतकरी भांडतात, एकदम १८ टक्के चढवले म्हणून."

"१८ नाही चढले आक्का. १०० ला सव्वादोन रुपयेसुद्धा नाहीत."

मी पतसंस्थेत खतावण्या लिहून म्हातारी झालेली. शेवग्याची वाळकी काडी घेतली आणि कुंपणाखालच्या मातीत मांडलं. पुण्याच्या होलसेलरकडून माल १०० चा, वर १८ कर, म्हणजे ११८ ला पडला. पूर्वी धाकटा तो १३० ला विकायचा, १२ सुटायचे. कर तेव्हाही होताच, भावात मुरलेला. आता खरेदीवरचे १८ त्याला वळते मिळतात. माल १०० ला धरला, १२ नफा, वर १८ टक्के, म्हणजे १३२ रुपये १६ पैसे. वाढले ते त्याच्याच १२ रुपयांवरच्या कराचे.

"आणि ठेकेदाराला काय मिळालं?"

"त्याला बिलावरचे २० रुपये १६ पैसे वळते. १३० चा माल त्याला ११२ ला पडला. पक्कं बिल उगाच नाही मागत तो!"

"मेला! शेतकऱ्याला नाही का मिळत वळतं?"

"शेतकऱ्याला कुठला नंबर? त्याला पदरचेच भरायचे."

ठिबकवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ झाला, पण साध्या पीव्हीसी पाइपला १८ च आहे. तेव्हा भांडण पाइपावरून होणार.

आक्कांनी आवाज खाली आणला. "एक विचारते, कुणाला बोलू नको. नंबर घेतला त्या दिवशी दुकानात माल पडून होता. त्याचं वळतं मिळतं का?"

"मिळतं की. वर्षाच्या आतली बिलं जपलेली असली पाहिजेत."

आक्का गोधडी उगाचच झटकत राहिल्या. "बिलं मी बंबात घातली. पावसाळ्यात लाकडं ओली होती गं."

हसावं का रडावं! पण मोठी गोम पुढंच होती. मी विचारलं, "ठेकेदार पैसे कधी देतो?"

"त्याचं ग्रामपंचायतीचं बिल निघालं की. दोन महिने, तीन महिने."

"आणि कर?"

कर पैसे हातात आल्यावर नसतो, बिल फाडलं की लागतो. लहान दुकानदाराला रिटर्न तिमाही भरता येतं, पण कर दर महिन्याचा: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या २५ तारखेच्या आत, तिसऱ्याचा रिटर्नबरोबर. म्हणजे ठेकेदाराचा कर धाकट्यानं पदरचा भरायचा आणि उधारीची वाट बघत बसायचं. विक्रीच झाली नाही तरी कोरं रिटर्न भरावंच लागतं. राहिलं तर दिवसाला २० रुपये, एका रिटर्नमागे ५०० पर्यंत.

"मग फसलाच म्हण की."

"फसला नाही, मोजलं नाही." कंपोझिशन म्हणून एक वाट होती. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला विक्रीच्या १ टक्का कर, तिमाही भरणा, वर्षाला एक रिटर्न. तो कर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही, खरेदीचं वळतं नाही आणि राज्याबाहेर विक्रीही नाही. वरच्याच १३० च्या मालावर १ रुपया ३० पैसे जातील, १० रुपये ७० पैसे सुटतील. शेतकऱ्याचा भाव जागच्या जागी. मात्र असल्या बिलावर ठेकेदाराला दमडी वळती मिळत नाही, तो जाईल आळेफाट्याला.

"नवं आर्थिक वर्ष लागायच्या आत अर्ज केला तर अजून कंपोझिशनमध्ये जाता येतं," मी म्हटलं. "रोज येतात किती शेतकरी?"

"पंधरा-वीस. रोखीनं."

"आणि ठेकेदार?"

"एकच. उधारीनं."

आक्का मातीतल्या हिशेबाकडं बघत राहिल्या, मग पायानं पुसून टाकला. दुसऱ्या शेजारणीला दिसायला नको.

तुम्हालाही कुणी भरीला घालत असेल, तर आधी आपली गिऱ्हाइकं मोजा: नंबरवाली किती, रोखीची किती. नंबर फुकट मिळतो, खर्च पुढच्या तारखांचा असतो. आणि बिलं बंबापासून लांब ठेवा.