बूड टेकण्यापुरती होडी

आमच्या देवगडाकडे होडीविषयी दोनच प्रश्न विचारतात: गळते का, आणि मासळी किती मावते? लाटेत कलंडेल का, हे कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर होडीच्या बाजूलाच बांधलेलं असतं. त्याला उलांडी म्हणतात. दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला तरंगणारा हा ओंडका असला, की आतला माणूस विडी पेटवतो, जाळं ओढतो आणि उभा राहून शेजारच्या होडीशी भांडूही शकतो.

माझ्या भाच्याला मात्र समुद्री कयाक घ्यायची होती. कयाकला उलांडी नसते. विडीची सोय नसते, आणि भांडायला उभं राहिलं तर भांडण पाण्याखाली पूर्ण करावं लागतं. भाचा इंग्लंडात चेस्टरला असतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो तेव्हा विमानतळावरच तो म्हणाला, "मामा, तीन कयाक हेरून ठेवल्यात. चालवून बघायच्या आहेत. तुम्ही कोकणातले, तुम्हाला बरोबर कळेल."

या वाक्याने आजवर बऱ्याच कोकण्यांचा घात केला आहे. माझी हयात मंत्रालयात खरेदीच्या फायली तपासण्यात गेली. समुद्र तिथे खिडकीतून दिसायचा, आणि ती खिडकी उपसचिवांच्या बाजूला होती. पण जिल्ह्याची अब्रू राखायची म्हणून मी मान डोलावली. शिवाय तीन कयाक म्हणजे तीन दरपत्रकं, आणि तीन दरपत्रकं म्हटली की तुलनात्मक तक्ता आलाच. तक्त्याच्या बाबतीत मी कोणाला ऐकत नाही. रात्री जेवणं झाल्यावर कागदावर रेघा मारल्या. डावीकडे होड्या, वर रकाने: हाताळणी, आराम, लांबचा प्रवास, शेरा.

चेस्टरहून वेल्सच्या उत्तर किनाऱ्याने रस्ता जातो आणि ब्रिटानिया पुलावरून अँगलसी बेटावर उतरवतो. खालच्या मेनाय सामुद्रधुनीत स्वेलीज नावाचा एक पट्टा आहे. उधाणाच्या वेळी तिथलं पाणी आठ नॉटपर्यंत धावतं. बरा कयाकवाला दिवसभरात तीन-साडेतीन नॉटच्या वेगाने वल्हवतो. म्हणजे पाणी उलटं असलं तर तो तोंड पुढे करून, घाम गाळत, मागे जाणार. भाच्याने हे फार आनंदाने सांगितलं. या रीतीने पुढे जाण्याचा मला नोकरीतला अनुभव होता, त्यामुळे मी घाबरलो नाही.

पुलापलीकडे ते 58 रोमन अक्षरांचं नाव असलेलं गाव लागतं. स्टेशनवरच्या पाटीसमोर आम्ही फोटोला उभे राहिलो. भाचा पाटी मावावी म्हणून मागे मागे गेला, आणि पाटी पूर्ण आली तेव्हा आम्ही दोघं स्वल्पविरामाएवढे उरलो होतो.

गाडीत भाच्याने कयाकचा इतिहास लावला. मूळ कयाक इनुइट शिकाऱ्यांची. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, वर सीलचं कातडं. मापाला फूटपट्टी नाही. ग्रीनलंडमध्ये लांबी साधारण मालकाच्या पसरलेल्या हातांच्या तिप्पट धरत, रुंदी त्याच्या कंबरेएवढी अधिक दोन मुठी. सौ. म्हणाली, "म्हणजे शिंप्याकडचंच काम." 1959 साली केन टेलर नावाच्या विद्यार्थ्याने ग्रीनलंडमधून अशी एक कयाक स्कॉटलंडला आणली. ती तिथल्या कारागिराने टेलरच्याच अंगाबेताने बेतली होती. पुढे तिच्यावरून ‘अनास अक्यूटा’ हे नमुनेदार फायबरग्लासचं मॉडेल निघालं. आता गंमत बघा. एका माणसाच्या कंबरेवरून बेतलेली वस्तू साच्यात घातली आणि जगभरच्या कंबरांना विकायला काढली. कयाकच्या तुलनेचा उद्योग सुरू झाला तो इथून. जोवर होडी अंगावर बेतत होते, तोवर तक्त्याची गरजच नव्हती.

ट्रेआर्दर बेच्या वाळूवर तीन कयाक मांडून ठेवल्या होत्या: एक पांढरी, एक लाल, एक पिवळी. शेजारी आमचा वेल्श प्रशिक्षक उभा होता. वयाने माझ्याएवढा, पण पोट कुठे ठेवून आला होता कळेना. मी कागद काढून पहिला प्रश्न विचारला, "यातली सर्वांत स्थिर कोणती?"

"ते अवलंबून आहे," तो म्हणाला.

"सर्वांत वेगवान?"

"तेही अवलंबून आहे."

मला भडभडून आलं. परमुलखात आपल्या खात्याचा माणूस भेटला.

वेटसूट चढवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ओहोटीचं पाणी बरंच आत गेलं. ऑगस्टमध्येही इथला समुद्र पंधरा-सोळा अंशांचाच असतो, त्यामुळे तो रबरी सूट टाळता येत नाही. त्यावर तरंगण्याचं जाकीट, आणि कंबरेला स्प्रे-स्कर्ट, म्हणजे रबरी परकर. त्याची कड कयाकच्या भोकाच्या काठावर ताणून बसवली की पाणी आत येत नाही आणि माणूस बाहेर जात नाही. बाहेर यायचं तर पुढचा पट्टा ओढायचा. हा पट्टा आधी उलटं होऊन ओढून दाखवावा लागतो. तो पहिला धडा. प्रशिक्षकाने कंबरभर पाण्यात माझी कयाक शांतपणे उलटी केली. नियम असा, की डोकं खाली लटकत असताना आधी होडीच्या तळावर तीन थापा मारायच्या, म्हणजे माणूस घाबरलेला नाही हे वरच्यांना कळतं. आणि मग पट्टा ओढायचा. मी थापा मारल्या. भाचा म्हणतो ती झपतालाची द्रुत लय होती.

पांढरीपासून सुरुवात केली. जवळजवळ साडेपाच मीटर लांब, रुंदी जेमतेम त्रेपन्न सेंटीमीटर, पोट गोल. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे ही नॉर्डकॅपच्या वळणाची. नॉर्डकॅप ही नॉटिंगहॅमच्या फ्रँक गुडमनची; 1975 साली नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या मोहिमेसाठी तयार झाली आणि 1977 मध्ये गुडमन स्वतः तीन साथीदारांसह केप हॉर्नला वळसा घालून आला. पुढे पॉल कॅफिन नावाच्या न्यूझीलंडच्या गृहस्थाने नॉर्डकॅपमधूनच 360 दिवसांत अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली. अशा थोर घराण्यातली ही होडी, पण मी आत बसलो मात्र, आणि तिला कापरं भरलं. मी श्वास घेतला की ती डावीकडे जाई, सोडला की उजवीकडे. मी तक्त्यात मनातल्या मनात ‘अस्थिर, अपात्र’ लिहून टाकलं.

प्रशिक्षक म्हणाला, "वल्हवा." वल्हवल्यावर कापरं कमी झालं. मग खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या, आणि चमत्कार असा की लाटेवर ती मुळीच बावरली नाही. याचं कारण त्याने तिथेच तरंगत समजावलं. सपाट बुडाची होडी पाण्याचा पृष्ठभाग धरून बसते. पाणी आडवं असेल तर ती छान आडवी. पण लाटेचा उतार आला की तीही उतारासारखी तिरपी होते. गोल बुडाची होडी कोणाचंच ऐकत नाही, म्हणून पृष्ठभाग तिरपा झाला तरी ती बसणाऱ्याच्या कलाने सरळ राहते. किनाऱ्यावर भरवसा देणारी एक, आणि समुद्रात सांभाळणारी दुसरी. मी ‘अस्थिर’ खोडून ‘अवलंबून’ लिहिलं.

फक्त ती वळेना. लांब आणि सरळ तळाची होडी रेघ मारल्यासारखी जाते. समोर खडक आहे ही बाब तिच्या लक्षात आणून द्यावी लागते.

लाल कयाक ग्रीनलंडच्या जातीची. बुडाला गोलाई नाही, कडा धारदार, डेक इतकं बसकं की त्यावर पोळपाटही सरळ राहावा. हिचं भोक लहान. त्यात शिरायला आधी मागच्या डेकवर बसायचं, दोन्ही पाय एकदम सरळ आत सोडायचे आणि मग स्वतःला ढकलायचं. माझे पाय गेले, पण माझ्या बाकीच्या भागाने प्रस्ताव अमान्य केला. अखेर प्रशिक्षक आणि भाचा यांनी दोन्ही खांद्यांवर जोर दिला तेव्हा ‘फट्’ असा आवाज झाला. आत गेल्यावर मात्र या होडीचं मर्म कळलं. गुडघे डेकखाली अडकलेले, कंबर दोन्हीकडून चिकटलेली. त्यामुळे एक ढुंगण जरासं दाबलं की होडी त्या अंगावर कलते, पाण्यातली तिची लांबी कमी होते आणि ती वळते. नुसत्या बुडाच्या इशाऱ्यावर चालणारं वाहन मी प्रथमच पाहिलं. डाव्या बैठकीवर उजवीकडे, उजव्या बैठकीवर डावीकडे. हाताळणीच्या रकान्यात मी तिला पैकीच्या पैकी दिले.

थोड्या वेळाने पाय हरवले. दुखले नाहीत, मुंग्याही आल्या नाहीत. सरळ गैरहजर झाले. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसावं लागतं, गुडघ्यामागच्या शिरा ताणतात, आणि आसनाची पुढची कड मांडीखाली रुतली की पावलांचा संपर्क तुटतो. पाय ठेवायचे खुंटे एक घर मागे-पुढे सरकवले, मांडीखाली हवेची छोटी उशी घातली की फरक पडतो, असं प्रशिक्षक म्हणाला. म्हणजे आराम हा होडीत नसून खुंट्याच्या भोकात आहे. मला दोघांनी धरून वाळूवर उभं केलं तेव्हा सौ. दुरून म्हणाली, "चालायला लागले की सांगा."

पिवळी प्लास्टिकची. रुंद, आखूड, पाठीला टेकू, भोक एवढं मोठं की माणूस पायांसकट विचार करू शकेल. नव्वदच्या दशकात याच बेटावरच्या नायजेल डेनिसने ‘रोमनी’ काढली, तेव्हापासून अशा चावीच्या भोकाच्या आकाराच्या मोठ्या कॉकपिटची चाल पडली म्हणे. यात मी प्रथमच दोन्ही हात सोडून कागदावर लिहिलं. पण दुपारचा वारा आडवा लागला आणि पिवळीचं नाक सारखं वाऱ्याकडे वळायला लागलं. चालत्या कयाकचा पुढचा भाग पाण्यात घट्ट धरलेला असतो, मागचा मोकळा. वारा त्या मोकळ्या टोकाला ढकलतो आणि नाक आपोआप वाऱ्याच्या दिशेने फिरतं. एका बाजूने कितीही वल्हं मारलं तरी आम्ही आयर्लंडच्या रोखाने चाललो होतो. मग एक दोरी ढिली केली. मागच्या तळातून स्केग नावाचं छोटं पातं खाली उतरलं, मागचं टोक धरलं गेलं, आणि होडी गुमान ट्रेआर्दरच्या वाटेला लागली. ती वर आणताना कळलं की आराम अठ्ठावीस किलोंचा असतो.

आता लांबच्या प्रवासाचा रकाना राहिला होता. तो भरला सौ.ने. ती मधल्या वेळात दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसून एका प्रशिक्षिकेबरोबर खडकांवरचे सील पाहून आली होती, आणि येताना थर्मासातला चहाही पिऊन आली होती. आमच्या तीन रिकाम्या होड्यांकडे बघून ती म्हणाली, "प्रवासाला नेणार ना? मग रिकाम्या होडीची परीक्षा कसली घेता?"

भाच्याने तंबू, झोपायची पिशवी, पाच-पाच लिटरचे पाण्याचे बुधले, स्टोव्ह असं सगळं गाडीतून काढलं. पांढरीच्या डेकवर पुढे-मागे झाकणं होती, आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे हात पोहोचेल असं एक छोटं झाकण. सौ.ने सूत्रं हाती घेतली. जड ते मध्याजवळ आणि तळाशी, हलकं टोकांना. मागे जरा जास्त, कारण नाकाकडे वजन वाढलं तर वाऱ्याकडे वळायची खोड वाढते. हा शेवटचा नियम प्रशिक्षकाचा, बाकीचे एस.टी.च्या टपावर शिकलेले. धपाट्यांचा डबा आणि लोणचं पाठीमागच्या छोट्या कप्प्यात, हाताशी. कुकर मात्र पुढच्या गोल झाकणातून जाईना. तिरपा केला, शिट्टी काढली, दांडा उघडला. "एवढी साडेपाच मीटरची होडी," ती म्हणाली, "आणि तीन लिटरचा कुकर जात नाही. लांबचा प्रवास म्हणे!"

भरलेली पांढरी घेऊन भाचा लाटांत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. कापरं पार गेलं होतं. सामानाने खाली बसलेली तीच होडी आता वयात आलेल्या म्हशीसारखी संथ चालत होती. सकाळी मी ‘अस्थिर’ म्हटलेली हीच, हे सांगूनही पटलं नसतं.

प्रशिक्षकाने मग चहा घेता घेता ऑस्कर श्पेकची हकीकत काढली. हा जर्मन इलेक्ट्रिशियन 1932 मध्ये बेकार होता. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल म्हणून घडीच्या, कापडी कयाकमधून उल्म गावाहून डॅन्यूब नदीने निघाला. वल्हवायची सवय झाली आणि खाण राहूनच गेली. हिंदुस्थानच्या किनाऱ्याने, पुढे डच ईस्ट इंडीजमधून तो 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दारात पोहोचला. तोवर युद्ध सुरू झालं होतं. त्याचं स्वागत करून लगेच त्याला कैद करण्यात आलं. आपल्याकडे अलीकडे मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी पश्चिम किनारा कयाकने पार केला, म्हणजे आमच्या देवगडाच्या समोरूनच गेले. श्पेकला दरपत्रकं मागवायला वेळ मिळाला असता, तर तो आजही उल्ममध्ये असता.

भाच्याने पांढरी घेतली. लांबीसाठी नाही, नॉर्डकॅपच्या घराण्यासाठीही नाही. मामीने भरलेलं सामान पुन्हा काढायचा त्याला कंटाळा आला, हे त्याचं खरं कारण. घरी आणल्यावर ती गॅरेजमध्ये पाऊण मीटर उरली. सौ.ने त्या बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलं. रात्री पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, "दादा, घेतली ती चांगली आहे ना रे?"

मी म्हटलं, "अवलंबून आहे," आणि तक्त्याचा शेवटचा रकाना भरला: ‘तिन्ही होड्या ग्राह्य. बसणाऱ्यात योग्य ते बदल करून घ्यावेत.’